हद्द आणि आराखडा : कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचे कागद

२४ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने एक अधिसूचना काढली. टाळेबंदीचे दिवस होते, लोकांचे लक्ष रुग्णालयांतल्या खाटांकडे होते. या अधिसूचनेने कल्याण-डोंबिवली महापालिकेतून १८ गावे वगळली आणि त्यांची 'कल्याण उपनगर नगरपरिषद' होणार असे ठरवले. घेसर, हेदुटणे, उंबर्ली, भाल, द्वारली, माणेरे, वसार, आशेळे, नांदिवली तर्फे अंबरनाथ, आडिवली-ढोकळी, दावडी, चिंचपाडा, पिसवली, गोळवली, माणगाव, निळजे, सोनारपाडा आणि कोळे अशी ती १८. आजदे, सागाव, नांदिवली पंचानंद, घारिवली, संदप, उसरघर, काटई, भोपर आणि देसलेपाडा ही ९ गावे महापालिकेतच राहिली.

ही यादी एकटी वाचली तर तिच्यातून काही कळत नाही. तिच्याशेजारी दुसरी यादी ठेवावी लागते, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या 'कल्याण ग्रोथ सेंटर'ची. सुमारे १,०८९ हेक्टरांच्या या नियोजित केंद्रात १० गावे आहेत : निळजे, कोळे, घेसर, हेदुटणे, माणगाव, काटई, भोपर, संदप, उसरघर आणि घारिवली. आता दोन्ही याद्या जुळवून पाहा. ग्रोथ सेंटरच्या १० गावांपैकी पहिली पाच नगरपरिषदेत गेली, उरलेली पाच महापालिकेत राहिली. आर्थिक केंद्र म्हणून ज्या जमिनीचा एकसंध विचार सरकार करत होते, तिच्या बरोबर मधून सरकारनेच हद्दीची रेघ ओढली.

आराखडा काढणाऱ्याला हद्दीची फिकीर नव्हती आणि हद्द आखणाऱ्याला आराखड्याची. या गावांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास बहुतांशी या एका वाक्यात बसतो. तो लिहिताना राजपत्रातल्या अधिसूचना, दोन-तीन अधिनियमांची कलमे, निवडणुकीचे निकाल आणि उच्च न्यायालयाचा निकाल एवढे कागद हाताशी ठेवले तरी पुष्कळ काही स्पष्ट होते. आंदोलनाच्या आठवणी गावागावांत आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. पण आठवणींत दरवेळी कोणीतरी जिंकलेला असतो. कागदांत तसे दिसत नाही.

सुरुवात १ ऑक्टोबर १९८३ पासून करावी लागते. त्या दिवशी कल्याण महापालिका अस्तित्वात आली. कल्याणची नगरपालिका १८५५ सालची, म्हणजे ठाण्याच्या नगरपालिकेहूनही आठ वर्षे आधीची. ठाण्याची महापालिका १९८२ मध्ये झाली, कल्याणची वर्षभराने. नव्या महापालिकेत कल्याण आणि डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची गावेही घातली गेली. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांची आणि मलंगगडाच्या वाटेवरची ही २७ गावे त्यांतच होती. त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या. त्या जागी नगरसेवक यायला हवे होते. पण महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. तोपर्यंत बारा वर्षे प्रशासकाचा कारभार होता. गावात काल सरपंच होता, ग्रामसभा होती. उद्यापासून गटारासाठीही कल्याणला खेप घालायची आणि तिथेही भेटणार तो नेमलेला अधिकारी. विरोधाचे मूळ शोधताना करवाढ, जमीन, पाणी ही कारणे सगळे सांगतात. ती खरीच आहेत. ही बारा वर्षे मात्र सहसा कोणी मोजत नाही.

अंबरनाथ आणि बदलापूर १९९२ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली, त्यांच्या वेगळ्या नगरपालिका झाल्या. एकदा दोन शहरांना सुटता येते म्हटल्यावर गावांनीही तीच मागणी लावून धरणे स्वाभाविक होते. 'सर्वपक्षीय हक्क संरक्षण संघर्ष समिती' या नावाने ही मागणी पुढे आली. नावातला 'सर्वपक्षीय' हा शब्द शोभेचा नाही. आगरी समाजाच्या या गावांत एकाच घरात दोन-तीन पक्षांचे कार्यकर्ते सापडतात. हद्दीच्या प्रश्नावर ते एका व्यासपीठावर येत आणि निवडणूक लागली की पुन्हा आपापल्या झेंड्याखाली जात. समितीची ताकद यात होती आणि दुबळेपणाही यातच होता.

१२ जुलै २००२ रोजी शासनाने २७ गावे महापालिकेतून वगळली. समितीचा हा मोठा विजय. ग्रामपंचायती परत आल्या. पण यानंतरच्या तेरा वर्षांत जे घडले ते पाहिले की 'कोणाचा विजय' हा प्रश्न उरतो. महापालिकेची नगररचना गेली आणि ग्रामपंचायतीला बहुमजली इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार नव्हता. तरीही ग्रामपंचायतीचा शिक्का मारलेल्या कागदावर इमारती उभ्या राहिल्या. डोंबिवलीत घर न परवडणारा चाकरमानी नांदिवलीत, पिसवलीत, गोळवलीत येऊ लागला. त्याला वीजमीटर मिळत होता, घरपट्टीची पावती मिळत होती. अधिकृत असण्याचा पुरावा म्हणून तेवढे त्याला पुरे वाटले.

इथे महापालिकेला फार साळसूद ठरवू नये. तिच्या स्वतःच्या हद्दीत काय चालले होते, हे उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती अग्यार यांच्या समितीने मोजले. तिचा आकडा ६७,९२० अनधिकृत बांधकामांचा होता. म्हणजे हद्दीच्या आत राहिल्याने शिस्त आली असती, असे म्हणण्यालाही आधार नाही.

२००६ मध्ये शासनाने या २७ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४० मध्ये तशी तरतूद आहे. चाळीस वर्षांतली सर्वांत निर्णायक घटना माझ्या मते हीच, आणि आंदोलनाच्या कहाण्यांत तिला जेमतेम एक ओळ मिळते. गटार, दिवा, कचरा ग्रामपंचायतीकडे राहिला आणि जमिनीचे भवितव्य वांद्र्याच्या प्राधिकरणाकडे गेले. त्यात डोंबिवलीची औद्योगिक वसाहत सोनारपाडा, गोळवली, सागाव, आजदे या गावांच्या जमिनीवर वसलेली. तिथला नकाशा औद्योगिक विकास महामंडळाचा, पाणीही महामंडळाचे. भाल, द्वारली, माणगाव भागात तर आणखी एक जुना कागद जिवंत होता. दुसऱ्या महायुद्धात नेवाळीच्या धावपट्टीसाठी घेतलेल्या दीड हजार एकरांहून अधिक जमिनीवर संरक्षण खात्याचा हक्क आहे की शेतकऱ्यांचा, या वादातून २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, छर्ऱ्यांनी गावकरी जखमी झाले. एका सातबाऱ्यावर इतक्या सरकारी खात्यांची सावली पडलेली गावे महाराष्ट्रात फार नसावीत.

प्राधिकरणाने विकास आराखडा केला. कायद्याप्रमाणे प्रारूप प्रसिद्ध करावे लागते, हरकती-सूचना घ्याव्या लागतात, नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. पण या साऱ्या प्रक्रियेत हरकत घेणारा उभा राहतो तो सर्व्हे नंबर घेऊन. माझ्या शेतातून रस्ता जातो, माझ्या घरावर आरक्षण पडले, हे काढा. आरक्षण एकाच्या जमिनीवरून उठले तर शेजाऱ्याच्या जमिनीवर बसते, म्हणून या टप्प्यावर गाव एक राहत नाही. हद्दीच्या मागणीत सगळ्यांचे हित एक. आराखड्याच्या मागणीत बांधाला बांध लागलेले दोन भाऊसुद्धा एकमेकांच्या विरोधात. समितीने हद्दीचा झेंडा धरला, याचे एक कारण हे असावे असे मला वाटते. त्या झेंड्याखाली कोणी तुटत नव्हते.

याच काळात लोढा समूहाचे पलावा हे खासगी नगर उभे राहिले. निळजे-काटईच्या बाजूने त्याचे मनोरे दिसू लागले, तेव्हा शेजारच्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येत होता. एका बाजूला खासगी कंपनीने आखलेले रस्ते आणि दुसऱ्या बाजूला दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचे, अशी गल्ली. समितीने ग्रोथ सेंटरलाही विरोध केला, मोबदल्याच्या आणि जमिनीच्या वाट्याच्या प्रश्नावर सभा घेतल्या. तरी मुख्य घोषणा बदलली नाही : आम्हाला महापालिका नको, स्वतंत्र नगरपालिका हवी.

२०१५ हे वर्ष तर तारखांनीच बोलते. मार्चमध्ये शासनाने प्राधिकरणाच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. मे महिन्यात अधिसूचना निघाली आणि १ जूनपासून २७ गावे पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत दाखल झाली. ७ सप्टेंबरला त्याच शासनाने ती पुन्हा वगळण्याची प्रारूप अधिसूचना काढली, हरकती मागवल्या. ऑक्टोबरात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डोंबिवलीत साडेसहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. १ नोव्हेंबरला मतदान झाले, आणि गावे महापालिकेत धरूनच झाले. जूनमध्ये आत घेतलेली गावे सप्टेंबरमध्ये बाहेर काढायची इच्छा जाहीर करून नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडून नगरसेवक निवडून घेणे, हा पराक्रम कागदावर वाचतानाही खरा वाटत नाही.

समितीने बहिष्कार पुकारला होता. तो किती पाळला गेला, याचा पुरावा निकालपत्रकात आहे. सभागृह १२२ जागांचे. शिवसेना ५२, भाजप ४२, मनसे ९, काँग्रेस ४, राष्ट्रवादी २ आणि उरलेले इतर व अपक्ष धरून बेरीज येते १२०. दोन प्रभागांत बहिष्कारामुळे निवडणूकच झाली नाही. गावांतल्या बाकीच्या प्रभागांत मात्र उमेदवार उभे राहिले आणि निवडूनही आले. 'सर्वपक्षीय' या शब्दाची मर्यादा इथे आकड्यात दिसते. पण त्या दोन रिकाम्या जागांकडे नुसते अपयश म्हणूनही पाहू नये. हातातला नगरसेवक नाकारणे सोपे नसते.

सप्टेंबरच्या प्रारूपावरच्या हरकतींची सुनावणी कोकण विभागीय आयुक्तांनी घेतली. मग वर्षे गेली. दरम्यान महापालिकेचा कारभार गावांत अर्धामुर्धा रुजला. ग्रामपंचायतींचे ४९९ कर्मचारी महापालिकेकडे वर्ग झाले खरे, पण त्यांना कायम सेवेत सामावून घ्यायचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. जिल्हा परिषदेच्या शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. घरपट्टीची वाढलेली बिले आली आणि ती भरायची नाहीत असे ठराव गावसभांत झाले. पाण्यासाठी अमृत योजनेतून जलवाहिन्या आणि जलकुंभ मंजूर झाले. कामे रेंगाळली आणि उन्हाळ्यात हंडा-कळशी मोर्चे निघत राहिले. गाव महापालिकेत गेले तरी मोर्चा पुष्कळदा औद्योगिक महामंडळाच्या कार्यालयावर जायचा, कारण नळ उघडणारा हात तिथे होता.

मार्च २०२० मध्ये तत्कालीन नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे यांनी १८ गावांच्या नगरपरिषदेची घोषणा केली आणि जूनमध्ये सुरुवातीला सांगितलेली अधिसूचना निघाली. समितीची मागणी २७ गावांची होती, मिळाली १८. नऊ गावे का राखली, याचे उत्तर ज्याने-त्याने आपल्या राजकारणाप्रमाणे दिले. अधिसूचनेला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि ४ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने ती रद्द केली.

रद्द होण्याचे कारण नीट पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३ सांगते की महापालिकेची हद्द बदलण्यापूर्वी शासनाने महापालिकेशी सल्लामसलत केली पाहिजे आणि अधिसूचनेचे प्रारूप आधी प्रसिद्ध केले पाहिजे. सल्लामसलतीची ही अट पाळली गेली नव्हती. गावांना नगरपरिषद हवी की नको, ती चांगली की वाईट, यावर न्यायालयाने कौल दिलेला नाही. सही कोणाला विचारून केली, एवढाच मुद्दा होता. आणि निकाल लागला तेव्हा सल्ला द्यायला महापालिकेचे सभागृहच उरले नव्हते. त्याची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि प्रशासक आला होता. तो पाच वर्षे राहिला.

आता एक साधी बेरीज. १९८३ ते १९९५ ही बारा वर्षे प्रशासक. १९९५ ते २००२ सात वर्षे महापालिकेत नगरसेवक. २००२ ते २०१५ ग्रामपंचायती, पण नियोजनाचा अधिकार दुसरीकडे. २०१५ ते २०२० पाच वर्षे पुन्हा नगरसेवक. त्यानंतर पाच वर्षे पुन्हा प्रशासक. बेचाळीस वर्षांतली सतरा वर्षे गावे महापालिकेत असूनही शहराच्या कारभारात त्यांनी निवडून दिलेला माणूसच नव्हता आणि तो होता ती वर्षे सगळी मिळून बारा. 'गावांचा विकासाला विरोध आहे' असे डोंबिवलीच्या फलाटावर सहज बोलले जाते. बोलणाऱ्याने ही बेरीज एकदा करून पाहावी.

शेजारच्या दोन प्रकरणांचे कागद या गावांच्या कागदांशेजारी ठेवले की चित्र आणखी पुरे होते. शीळ-महापे बाजूची दहिसर, पिंपरी, भंडार्ली, उत्तरशिव, गोठेघर वगैरे १४ गावे नवी मुंबई महापालिकेत होती. करांच्या विरोधात झगडून ती २००७ मध्ये बाहेर पडली. पुढे तिथल्याच लोकांनी आम्हाला परत घ्या म्हणून आंदोलन उभे केले. २०२२ मध्ये विधानसभेत घोषणा झाली, २०२४ मध्ये ती नवी मुंबईत परत आली, आणि मग त्यांचा खर्च कोण सोसणार यावरून नवी मुंबईतूनच उघड विरोध झाला. वसईत २००९ च्या महापालिकेविरुद्ध गावे वगळण्याचे आंदोलन इतके जोरात होते की त्याच वर्षी त्याच लाटेवर आंदोलनाचे नेते विवेक पंडित विधानसभेत पोचले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली, ती न्यायालयात अडकली, आणि २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवण्याचे ठरवले. तिन्ही ठिकाणी जनतेची शक्ती हद्दीवर खर्च झाली. तिन्ही ठिकाणी त्या काळात जमीन मात्र थांबली नाही.

कल्याण-शीळ रस्ता रुंद होत राहिला, बाधितांच्या मोबदल्याचा प्रश्न मागे ठेवून. ऐरोली-काटई मार्ग आखला गेला. कल्याण-तळोजा मेट्रो १२ चे खांब याच गावांतून जात आहेत. ही कामे महापालिकेची नाहीत, ग्रामपंचायतीची नव्हती आणि नगरपरिषद झाली असती तरी तिची झाली नसती. दुसऱ्या टोकाला डोंबिवली परिसरातल्या त्या ६५ इमारती. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे रेरा प्राधिकरणाची नोंदणी मिळवलेल्या. न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यांत कर्ज काढून राहायला आलेल्या कुटुंबांच्या हातात नोंदणीकृत करारनामा होता, रेरा क्रमांक होता, बँकेची मंजुरी होती. सगळे कागद खरे होते, फक्त पहिला खोटा. परवानगीचा कागद खरा की खोटा हे शेजारच्या माणसाला विचारून कळेल, अशी कोणतीही जागा शहरात नव्हती.

खरे तर कायद्यात ती जागा आहे, आणि या सगळ्या संघर्षात तिचा उल्लेख फारसा कोणी केल्याचे दिसत नाही. १९९४ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीपाठोपाठ, महापालिका अधिनियमात कलम २९-अ आले. त्याने प्रभाग समित्या आणल्या आणि त्या समितीवर परिसरात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त बिगरशासकीय व लोकसंस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नेमण्याची मुभा दिली. संघर्ष समितीसारख्या संघटनेला, सोसायट्यांच्या महासंघाला, रहिवासी मंडळाला कायद्याने दिलेली ही खुर्ची. २७ गावे महापालिकेच्या मुख्यतः 'ई' आणि 'आय' प्रभागांत येतात. आणि २००९ मध्ये दुसरी दुरुस्ती झाली, क्षेत्रसभेची. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभेचे सदस्य, अध्यक्ष नगरसेवक. गावातून हिरावलेल्या ग्रामसभेला शहरात जवळात जवळचा पर्याय हाच. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा मिळण्यासाठी ही अट घातली होती, म्हणून राज्याने कायदा केला. पैसा आला, सभा भरल्या नाहीत.

संघर्ष समितीला दोष देणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही. शासनाने तिला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारला : आत की बाहेर? तिने पुन्हा पुन्हा एकच उत्तर दिले. रस्ता कुठून, शाळा कुठे, खेळाचे मैदान कोणत्या सर्व्हे नंबरवर, सांडपाणी कोणत्या नाल्यात, हे प्रश्न गाव म्हणून तिला कोणी विचारले नाहीत. तिनेही ते आपणहून मुख्य मागणीत आणले नाहीत. हद्दीचा प्रश्न आता न्यायालयाच्या निकालाने जिथे थांबला आहे तिथे थांबला आहे.

१५ जानेवारी २०२६ रोजी दहा वर्षांनंतर महापालिकेसाठी मतदान झाले आणि सभागृह पुन्हा भरले. तुम्ही भोपरचे मूळ रहिवासी असा, पिसवलीच्या चाळीतले भाडेकरू असा की पलावातले सदनिकाधारक. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला एक अर्ज द्या. कलम २९-अ खालची संस्थांची नावे कधी नेमणार आणि आमच्या मतदान केंद्राच्या क्षेत्राची सभा कोणत्या तारखेला बोलावणार, हे दोनच प्रश्न त्यात लिहा. अर्जाची पोच घ्या आणि ती जपून ठेवा.